उजव्या मनगटातला नारू

आमच्या भागात नारू झाला नाही असं एक घर दाखवा. कुणाच्या पायात होतो, कुणाच्या गुडघ्यात, पखाल वाहणाऱ्याच्या पाठीतून निघतो. माझा निघाला उजव्या मनगटातून. मी चित्रं काढून पोट भरणारा माणूस, आणि तो नेमका तिथूनच निघाला. त्यापायी माझा हात जाता जाता राहिला. आता राज्य बदललंय, पाणी कसं प्यावं हे सांगायला शिकलेली माणसं गावोगाव फिरून राहिलीत. चांगलंच आहे. पण ज्याला झाला त्यानंही सांगावं, म्हणून मी लिहायला बसलो. नारू झालेल्यानं हे वाचावं, वाचता येत नसेल तर कुणाकडून वाचून घ्यावं, आणि रडत बसू नये.

मी धनगराचा पोरगा. घरात मेंढरं, थोरला भाऊ मेंढरांमागं, आणि मी कोळशानं खडकावर रेघोट्या ओढणारा. हिंगोलीला एक नाटक कंपनी आली तेव्हा तिच्या पडदेवाल्याला पाणी आणून द्यायच्या निमित्तानं चिकटलो आणि कंपनीबरोबर निघून गेलो. काही वर्षं जंगलाचे, राजवाड्याचे, नदीकाठचे पडदे रंगवले. मग परभणीच्या एका पेंटरकडं राहून तैलरंगात माणसाचा चेहरा काढायला शिकलो. परत येऊन जवळा बाजार या गावात दुकान टाकलं. पाट्या रंगवायचो, पण नाव झालं ते तसबिरींमुळं. आसपासचे देशमुख, पाटील माझ्याकडं बसायला यायचे. त्यांना काय पाहिजे हे मला बराबर कळायचं. फेट्याची जर सुटी सुटी दिसली पाहिजे, मिशीचा केस न केस वेगळा पाहिजे, आणि देवीचे व्रण मात्र दिसता कामा नयेत. बारीक ब्रशाचं ते काम सगळं मनगटावर चालतं. माझं मनगट चांगलं होतं, हे मी उगाच लाजत सांगत नाही.

गिऱ्हाईक नसलं की रंगाची पेटी घेऊन मी रानात जायचो. एका गावाबाहेर पायऱ्यांची जुनी बारव आहे. तिच्या पाण्यात दुपारचा उजेड उतरला की हिरव्याचे इतके प्रकार दिसायचे की मी तहानभूक विसरून तिथंच बसायचो. तहान लागली की ओंजळीनं तेच पाणी प्यायचो. लोक त्यात पाय घालून पाणी भरायचे, ते दिसत होतं, पण मन सगळं त्या हिरव्यात. नारू पोटात गेला तो तिथंच असणार. सालभर तो दोऱ्यासारखा किडा अंगात वाढत राहिला आणि मला पत्ता नव्हता.

फोड

मनगटाच्या आतल्या बाजूला खाज सुटली. मला वाटलं टर्पेंटाइन लागलं असेल. मग फोड आला आणि अशी आग व्हायला लागली की हात घागरीत बुडवून बसलो. पाण्यात फोड फुटला. बरं वाटलं, हात वर काढला, तर फोडाच्या तोंडाशी पांढरा दोरा.

माझी बायको गया भाकरी थापत होती. तिनं पिठाच्या हातानंच माझं मनगट धरलं, वळवून बघितलं.

"अवो, ह्यो तर नारू हाय."

"हातात कुठं असतो का नारू?"

"तुमच्यात हाय की. तुमचं सगळंच येगळं."

बाजारात ही खबर पसरली आणि लोक बघायला येऊ लागले. पेंटरचा नारूसुद्धा शहाणा, बरोबर हात बघून निघाला, असं म्हणून हसले. मीही हसलो. नारू म्हणजे काय, काडीला गुंडाळायचा, रोज बोटाच्या पेरापेरानं ओढायचा, वर फडकं बांधायचं. महिना-दीड महिन्यात सुटका. सगळ्यांची होते तशी माझी होईल. लोक काडेपेटीची काडी घेतात, मी मोडक्या ब्रशाची बारीक दांडी घेतली. तेवढी तरी ऐट पाहिजे.

गया रोज सकाळी पाणी ओतून ओतून तो दोरा ढिला करायची आणि दांडीला अर्धा वेढा द्यायची. ओढून आणलेलं पुन्हा आत जाऊ नये म्हणून दांडी मनगटाला बांधून टाकायची. हाताला काम देऊ नका म्हणून ती रोज सांगायची, आणि मी रोज दुकानात जाऊन बसायचो. एका पाटलाची तसबीर दसऱ्याच्या आत द्यायची होती. बोटं चालत होती. ती चालत असताना काहून घरी बसू, असं माझं म्हणणं.

चिंधी

पेंटर लोकांची एक सवय असते. काम संपलं की चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवायची आणि बोटांपासून कोपरापर्यंत हात खसाखसा पुसून काढायचा. वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी केलेली गोष्ट. त्यात लक्ष द्यावं लागत नाही, हातच हाताला पुसतो.

त्या दिवशी पाटलाचा डोळा छान जमला होता. मी त्या डोळ्याकडं बघत मागं सरलो, चिंधी उचलली आणि हात पुसला. फडकं सरकलं. दांडी जमिनीवर पडली, टक्क असा आवाज झाला. खाली बघितलं तर दांडीला गुंडाळलेला नारू, आणि मनगटाच्या भोकात काही नाही. आतला आत राहिला होता.

नारू तुटला की आतला तुकडा कुजतो आणि विष चढतं, हे आमच्याकडं लेकराला पण माहीत असतं. मी तसाच घरी गेलो आणि गयाला दांडी दाखवली. तिनं चुलीतला जाळ बाहेर ओढला आणि शेजारी गाडी मागायला गेली.

रात्रीतून हात कोपरापर्यंत सुजला. थोरल्या भावाला, दादाला, माळावरून बोलावून आणलं. गाडी हिंगोलीच्या रस्त्याला लागली तेव्हा मला ताप चढला होता. दादा बैल हाकत होता आणि सारखा मागं वळून विचारत होता, "सोपाना, जागा हायेस न्हवं?"

जांभळी रेघ

दवाखान्याचे डॉक्टर हैदराबादकडचे, उर्दू बोलणारे, उंच, थकलेले गृहस्थ. त्यांनी बोटं वाकवायला सांगितली. वाकली नाहीत. बगलेत हात घालून गाठी चाचपल्या. मग दादाला बाजूला घेऊन काहीतरी बोलले आणि निघून गेले.

दादा परत आला तो माझ्याकडं बघेना. मी विचारलं काय म्हणाले. तो खाटेचा पाय निरखत उभा राहिला.

"इष वर चढून राहिलंय म्हनत्यात. हात काढावा लागंल."

"मग?"

"म्या कागदावर अंगठा देऊन आलो."

मी थोरल्या भावाला जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. तुला मेंढरं कळतात, पाय मोडलेलं मेंढरू तू कापतोस, तसा मला कापायला निघालास, हे त्यातल्या त्यात सभ्य. तो मान खाली घालून ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "एका हातानं मेंढरं राखता येत्यात. म्या शिकविन तुला." तो खरंच मनापासून सांगत होता, आणि त्याचाच मला जास्त राग आला. मी त्याला डोळ्यांसमोरून जा म्हणालो. तो गेला आणि व्हरांड्याच्या टोकाला जाऊन बसला.

गया उठली, पदर खोचला आणि डॉक्टरांच्या दारात जाऊन उभी राहिली. कंपाउंडर हाकलायला लागला तरी हलेना. डॉक्टरांना मराठी कमी कळायचं, हिला उर्दू येत नव्हतं. तिनं आपला उजवा हात पुढं केला, दुसऱ्या हातानं त्यावर ब्रश फिरवल्यासारखं केलं आणि म्हणाली, "साहेब, हे चेहरे काढत्यात. माणसाचे. एक डाव चिरा देऊन बघा. न्हाई झालं तर मंग कापा, म्या सोता हात धरीन."

डॉक्टर खाटेपाशी आले आणि मला कळेल अशा सोप्या उर्दूत म्हणाले, "पेंटर, जान बडी की हात?"

"साहेब, दोन्ही एकच हाय," मी म्हणालो.

त्यांनी खिशातून जांभळी पेन्सिल काढली, ओली केली आणि माझ्या कोपराच्या चार बोटं खाली, हाताला वेढा घालून एक रेघ ओढली. चिरा देऊन पू काढतो, म्हणाले. पण लाली ह्या रेघेच्या वर गेली तर मग कुणाचं ऐकणार नाही, तुझ्या बीबीचं पण नाही. लाली तेव्हा रेघेपासून चार-पाच बोटं खाली होती.

आयुष्यभर मी दुसऱ्यांना माझ्यासमोर बसवून रेघा ओढल्या. माझ्या अंगावर कुणी ओढलेली ती पहिलीच. रेघ मात्र सरळ होती. मला भीती वाटत होती, खूप वाटत होती, आणि तरी ते माझ्या लक्षात आलं.

चिरे दिले. क्लोरोफॉर्म कमी पडला का मी जास्त ओरडणारा, माहीत नाही, पण माझा आवाज पार बाहेरच्या लिंबाखाली ऐकू गेला म्हणतात. त्यानंतर एकच काम उरलं, रेघेकडं बघायचं. कंपाउंडर लाल दवाईच्या कोमट पाण्याची बादली आणायचा, त्यात हात बुडवायचा. गया लिंबाखाली तीन दगड मांडून जवसाचं पोटीस शिजवायची, गरम गरम आणून बांधायची. गार झालं की दुसरं. पोटीस सोडलं की कंपाउंडर, गया आणि मी मिळून बघायचो, लाली कुठवर आली. ती चढली. एकदा चढली, मग अजून चढली. तिसऱ्या दिवशी बोटभर अंतर राहिलं. गयानं देवाला काय कबूल केलं ते तिनं मला अजून सांगितलेलं नाही.

तिथं लाली थांबली. चौथ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी चष्मा वर करून बघितलं, अंगठ्यानं दाबून बघितलं, आणि "बच गया" एवढंच म्हणून पुढच्या खाटेकडं वळले. गया भिंतीकडं तोंड करून रडली. दादा व्हरांड्यातून आला, पण माझ्यापासून दोन हात लांबच उभा राहिला.

मी म्हणालो, "बस की."

तो बसला. मग म्हणाला, "मला तू पायजे हुतास. हाताचं मला काय कळतंय?"

मी त्याच्या खांद्यावरची घोंगडी ओढून घेतली आणि पांघरली. आमच्यात झालं ते तेवढ्यावर मिटलं.

शेजारची खाट

शेजारच्या खाटेवर मारोतराव होते. पूर्णेकाठच्या एका वस्तीवरचे शेतकरी, गुडघ्यात नारू, गुडघा भोपळ्याएवढा. त्यांना बोलायला माणूस लागायचा, आणि मला चूप बसवायला कुणीतरी.

"पेंटर, तुमचा हात गेला, माझा पाय गेला. दोघं मिळून एक धड गडी व्हतो का न्हाई?"

"होतो. पण तोंड कुणाचं ठेवायचं?"

"तोंड माझंच. तुमचं लई रडकं हाय."

मला ताप असला की ते आपल्या वस्तीच्या गोष्टी सांगायचे. बायको किती भांडखोर, ते कौतुकानं सांगायचे. तिनं एकदा तहसीलच्या शिपायाला वांग्याच्या वाफ्यातून पळवलं होतं. ती सध्या लेकराबाळांत अडकली होती, येऊ शकत नव्हती. हसताना त्यांचा डावा डोळा आधी बारीक व्हायचा आणि मग उजवा. हातात ब्रश नसला तरी पेंटरचे डोळे बघायचं थांबत नाहीत. मी दिवसच्या दिवस त्या चेहऱ्याकडं बघत होतो, कारण दुसरं बघायला होतं काय? भिंत.

एका सकाळी त्यांना भाकर चावता येईना. दातखीळ बसली. धनुर्वात. डॉक्टरांनी धावपळ केली, पण दोन दिवसांत ते गेले. जो माणूस दिवसभर बोलायचा त्याचंच तोंड आधी बंद झालं. मी त्या दिवशी पोटीस बांधू दिलं नाही, गयाला टाकून बोललो. तिनं ऐकून घेतलं आणि थोड्या वेळानं बांधलंच.

हे वाचणाऱ्याला सांगतो, दवाखान्यात शेजारी माणूस जातो. तेव्हा आपण का राहिलो असं मनात येतं. त्याचं उत्तर सापडत नाही. शोधत बसू नये, पोटीस बांधून घ्यावं.

खांद्यातून

घरी आलो तेव्हा हात होता, पण मनगट दगड झालं होतं. वळत नव्हतं. तीन बोटं आत मिटलेली, अंगठा आणि पहिलं बोट तेवढं कामाचं. दादा रोज माळावरून यायचा आणि तेल कोमट करून ती बोटं चोळायचा. मी शिव्या द्यायचो, तो चोळायचा.

पाटलाची तसबीर एक डोळा होऊन तशीच पडली होती. मी ब्रश धरला आणि दुसरा डोळा काढायला गेलो. ब्रश कपाळात गेला. पाटील भला माणूस, म्हणाला राहू दे, परभणीहून करून घेतो. दुकानातली गिऱ्हाइकं आटली. लोक येऊन हात बघायचे, च्च च्च करायचे आणि निघून जायचे. त्या च्च च्चचा मला इतका संताप यायचा की त्या संतापावरच मी उभा राहिलो असं म्हटलं तरी चालेल.

मनगट नाही, तर काय आहे? कोपर आहे. खांदा आहे. नाटक कंपनीत पडदेवाला लांब काठीला ब्रश बांधून, उभ्यानं, खांद्यातून रंगवायचा. माझ्या डोक्यात ते एकदम आलं आणि मी गयाला म्हणालो, काठी आण. अंगठ्याच्या बेचक्यात काठी धरली, वर चिंधीनं आवळून बांधली, कापड भिंतीला ठोकलं आणि चार हात लांब उभा राहिलो. पहिले कितीतरी दिवस निव्वळ डाग. मग त्या डागांतून एक दिवस माळ दिसला. काळी जमीन, वर पांढरट आभाळ, मधे मेंढरांचा कळप म्हणजे नुसते ठिपके. दादानं बघितला आणि म्हणाला, "ही तर आपली मेंढरं." कशावरून, विचारलं, तर म्हणाला, "चालत्यात तशी."

मी पूर्णेचा काठ काढला, औंढ्याकडचे डोंगर काढले, जवळ्याचा बाजार काढला. बाजारातली माणसं विचारायची, "पेंटर, ह्यात मानूस कुठं हाय?" माणूस नसलेलं चित्र घरात कशाला लावायचं, हा त्यांचा सवाल बराबर होता. हळूहळू कुणी दुकानासाठी, कुणी देवळाच्या सभामंडपासाठी घेऊ लागलं. पडद्यांची कामं मिळाली. चूल पेटत राहिली.

पण चेहरा होत नव्हता. माझा जीव त्यातच अडकला होता, हे मी कुणाशी बोलत नसे. गयाला समोर बसवून काढायचो आणि पुसायचो.

"बघू," ती म्हणायची.

"नको. भाकरीसारखी दिसतीस."

"करपलेली तर न्हाई न्हवं?"

पुढं दंगलीचे दिवस आले. वाटा बंद झाल्या, बाजार ओस पडला, रंग मिळेनासे झाले. मी चुन्यानं, गेरूनं, काजळीनं काढत राहिलो. राज्य बदललं, वाटा मोकळ्या झाल्या आणि बाजार पुन्हा भरू लागला.

अशाच एका बाजारच्या दिवशी एक बाई दुकानात शिरली. डोक्यावर मिरच्यांची पाटी, पदर कमरेला खोचलेला, आवाज चढा.

"दवाखान्यात हात सुजलेला पेंटर, त्यो तुमीच का?"

मी व्हय म्हणालो. मग तिनं पाटी उतरवली.

"आमच्या घरचे तुमच्या शेजारच्या खाटंवर हुते. त्यायचा फोटू न्हाई. कुनीच कधी काढला न्हाई. धाकट्या लेकराला बापाचं तोंड ठाव न्हाई. तुमी त्यायला बघितलंय, तुमी काढा."

मी तिला हात दाखवला. ह्या हातानं चेहरे होत नाहीत म्हणालो. तिनं हाताकडं बघितलं, पण च्च च्च केलं नाही.

"मंग कोन काढंल? दुसऱ्या कुन्या पेंटरनं बघितलंय का त्यायला?"

पुढच्या बाजाराला येते म्हणाली आणि पाटी उचलून गेली. तिच्या घरच्यांनी तिच्याबद्दल सांगितलेलं सगळं खरं होतं.

मी तो आठवडा दुसरं काही केलं नाही. मोठं कापड ठोकलं. केस न केस काढायचा नाद सोडून दिला, कारण तो हातच नव्हता. खांद्यातून एक पट्टा गालाचा, एक कपाळाचा, काजळीचा एक ओघळ फेट्याच्या सावलीचा. जवळून बघितलं तर नुसता चिखल. तीनदा पुसलं. चौथ्यांदा मी दाराला टेकून, डोळे मिटून, दवाखान्यातल्या त्या खाटेकडं तोंड करून पडल्यासारखा उभा राहिलो. मग चित्रातला डावा डोळा आधी बारीक केला आणि उजवा राहू दिला. आणि हात थांबवला. चांगलं झालं का वाईट, मला कळत नव्हतं. गयाला विचारलं तर ती म्हणाली, "म्या त्यायला बघितलं हुतं. पर मला इचारू नका. जिचे हायेत तिला इचारा."

बाजारच्या दिवशी रंग ओला होता म्हणून कापड अंगणात उन्हाला टेकवून ठेवलं. मी आत होतो. बाई बाहेरूनच कुणाशी तरी मिरच्यांच्या भावावरून भांडत येत होती, तिचा आवाज पार कोपऱ्यापासून ऐकू येत होता. अंगणात आली आणि आवाज तुटला. मी दारात आलो. तिनं पाटी खाली ठेवली, कमरेचा पदर सोडला, डोक्यावरून कपाळापर्यंत ओढून घेतला आणि चित्राकडं पाठ करून, मान खाली घालून उभी राहिली. घरात आणखी माणसं असताना नवरा समोर आला की बाया उभ्या राहतात तशी.

मग गयाला अगदी हळू आवाजात म्हणाली, "बाई, त्यायला उनात काहून बसवलंय?"

मी बाहेर गेलो. दोन्ही हातांनी मारोतरावांना उचललं आणि सावलीत नेऊन ठेवलं.